आत्याच्या थुंकीसाठी पोखर्णीला

एसटीतल्या तिघांच्या बाकावर मी खिडकीशी बसले आणि माझ्या शेजारी खरोखर दोन माणसं बसली. वाचणाऱ्याला यात काय विशेष, असं वाटेल. पण मागच्या वर्षापर्यंत मी बाकावर बसले की शेजारी एकच माणूस मावायचा, तोही अर्धा बाहेर लोंबकळत, आणि तिसरा उभा राहून माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा की जणू मी त्याची जागा पिशवीत घालून आणली आहे. म्हणून जालन्यात शेजारच्या आजोबांनी तिसऱ्या माणसाला "या की, हाय जागा" म्हटलं तेव्हा मला हसू फुटलं. आजोबांनी विचारलं, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "काही नाही, जागा आहे." तेही हसले. मंठ्यापर्यंत आम्ही अधूनमधून कारण नसताना हसत होतो.

मी नाशिकला शाळेत शिकवते. मागच्या वर्षी माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. जठराचा लहानसा भाग ठेवून तो पुढे आतड्याला जोडतात. वजन उतरलं, साखर उतरली, गुडघे बोलायचे थांबले. लोक अभिनंदन करत होते, माझे जुने, ढगळ झालेले कपडे वाटून टाकत होते, आणि मी न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. कशासाठी, ते मलाच सांगता येत नव्हतं. सकाळी अंथरुणातून उठणं म्हणजे विहीर उपसण्यासारखं वाटायचं. डॉक्टर मॅडमनी वेळेत ओळखलं, औषध दिलं, समुपदेशकाकडे पाठवलं. काही महिन्यांत मी वर आले. वर आले ती अशी आले, की आता एसटीच्या बाकावरही हसू येतं.

त्यानंतर मॅडमनी एकदा निवांत बसवून समजावलं. माझ्या जाडीमागे एका जनुकातला बदल असावा, असं तपासणीत दिसलं होतं. तो वडिलांकडून आला का हे बघायला वडिलांच्या सख्ख्या बहिणीची लाळ मिळाली तर बरं. बाबा आता नाहीत, आत्या आहे. मी विचारलं, "आणि ते रडणं? तेही त्याच जनुकाचं का?" त्या म्हणाल्या, "तसं एकच जनुक नसतं. पुष्कळ बारीक बारीक गोष्टींचा हातभार असतो. शस्त्रक्रियेनंतर काही माणसं जास्त खाली जातात, आणि घरात आधी कुणाला तसं झालं असेल तर आपण जास्त लक्ष ठेवतो. पण ते नळीत दिसत नाही. त्यासाठी माणसांना विचारावं लागतं."

म्हणून माझ्या पर्समध्ये एक प्लास्टिकची नळी होती, आणि विचारायला हवा होता तो प्रश्न.

देवगाव फाटा

फाट्यावर उतरले. चारी बाजूंनी रस्ते, मध्ये टपऱ्या, तळलेल्या मिरच्यांचा वास, आणि ट्रकच्या सावलीत मोटारसायकल लावून उभा असलेला माझा आतेभाऊ सिद्धार्थ. सिद्धू माझ्यापेक्षा लहान, पाथरीत एका कचेरीत कारकून. आमच्या घराण्याची जाडी त्याच्याकडे सगळी आहे, माझ्या वाटची धरून. त्यानं मला ओळखलंच नाही. माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे बघितलं, पुन्हा एसटीच्या दाराकडे बघत राहिला.

"सिद्धू, जय भीम!"

"आँ?" तो दोन पावलं मागे सरला. "ताई? जय भीम, जय भीम! अगं, फोटोत बी एवढी बारीक वाटत न्हाईस!" आणि मग लगेच, अगदी हळू आवाजात, "माझं बी असंच होईल ना गं?"

यासाठीच त्यानं मला बोलावलं होतं. त्याचीही हीच शस्त्रक्रिया ठरली होती, पुढच्याच महिन्यात. साखर, रक्तदाब, आणि झोपेत घोरता घोरता श्वास अडकायचा. माझी नळी आणि त्याची तारीख, दोन्ही कामं एका प्रवासात बसत होती.

त्याच्यामागे मोटारसायकलवर बसायचं म्हणजे पूर्वी विनोदाचा विषय. आम्ही दोघं एका गाडीवर बसलो असतो तर टायर फुटला असता. या वेळी गाडी जरा कुरकुरली आणि निघाली. सेलूच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना काळीभोर रानं, वेचून उरलेला कापूस, कापलेल्या तुरीचे ढीग, मध्येच ज्वारीचा हिरवा चौकोन. नाशिककडे द्राक्षबागा तारांत बांधून शिस्तीत उभ्या असतात, इथं रान कसं ऐसपैस पसरलेलं. वाऱ्यानं माझी ओढणी सिद्धूच्या तोंडावर गेली, तो एका हातानं ती बाजूला करायला गेला आणि आम्ही रस्ता सोडून सरळ तुरीच्या काडात घुसलो. कुणाला काही लागलं नाही. शेतकरी बांधावरून ओरडला, "गाडी शिकायलाव काय?" आम्हाला हसण्यामुळे उत्तर देता येईना.

पाथरी

सिद्धूची बायको रेखा दारात वाट बघत होती. इथल्या साईबाबा मंदिरात दर्शनाला आलेल्या लोकांच्या गाड्या गल्लीपर्यंत उभ्या होत्या, त्यातून वाट काढत आम्ही घरी पोचलो, आणि पोचल्या पोचल्या ताट. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी, भात, वर शेवयांची खीर. मी पाव भाकरी खाल्ली आणि हात धुतला.

रेखा रडकुंडीला आली. "ताई, काय चुकलं का? मीठ जास्त झालं का?"

"नाही गं. माझं पोटच एवढं आहे." मी मूठ दाखवली.

तिनं मूठ बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं. सिद्धू तिसरी भाकरी मोडत होता. "मंग हे काय खातील वो?" ती म्हणाली. नाशिकमध्ये पाहुण्यानं नको म्हटलं की आपण एकदा आग्रह करून थांबतो. इथं नको हा शब्द पाहुण्याच्या तोंडून ऐकूच जात नाही. रेखानं माझ्या ताटात अजून दोनदा आमटी वाढली आणि दोन्ही वेळा स्वतःच कपाळावर हात मारला.

ताटं उचलताना ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, "ते झोपल्यावर मी जागी ऱ्हाते. श्वास थांबला की हलवते. ऑपरेशन झालंच पायजे. पण ताई, ह्यांना वाटायलंय की वजन गेलं म्हंजी सगळंच चांगलं होणार. मला भ्या वाटायलंय. तुमी खरं काय ते सांगा त्यांना."

ज्वारीच्या रानात

दुसऱ्या दिवशी सिद्धूच्या मित्राच्या रानात हुरडा होता. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी कणसं भाजायची, तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून दाणे तोंडात टाकायचे. सोबत दही, चटणी, गूळ. गरम हिरव्या दाण्याची ती चव! मी एक मूठ खाल्ली, पुढची अर्धी खाल्ली, आणि त्या आनंदाच्या भरात गुळाचा चांगला लिंबाएवढा खडा तोंडात टाकला. मग दुसरा.

असं करायचं नसतं, हे मला पाठ आहे. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात पिळा आणि डोळ्यांपुढे ज्वारी गोल फिरायला लागली. मी बाभळीखाली आडवी झाले. सिद्धूचा चेहरा पांढरा पडला. "ताई! दवाखान्यात नेतो, थांब!"

"काही नाही. गूळ. झोपू दे जरा."

तो माझ्याशेजारी मातीत बसला, माझ्या तोंडावर टोपीनं वारा घालत. ओसरलं हळूहळू. पाठीखाली ढेकळं, अंगावर बाभळीची फुलं, आणि मी मातीनं आणि राखेनं माखलेली. सिद्धूचं तोंड बघून मला पुन्हा हसू यायला लागलं, पण तो हसला नाही.

"हे असं होतंय?"

"गोड खाल्लं तर. हे काहीच नाही, सिद्धू. ऐक." आणि मी त्याला ते न्हाणीघरातलं रडणं सांगितलं. सगळं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे ते सांगितलं. आणि मॅडम काय म्हणाल्या, घरात आधी कुणाला झालं असेल तर डॉक्टरांना सांगावं, तेही.

तो बोटानं मातीत रेघा ओढायला लागला. मग म्हणाला, "मला बी विचारलं त्यांनी. घरात कुणाला मनाचा आजार हाय का म्हणून. मी न्हाई म्हणलो."

"आणि आहे?"

"मी तिसरीत तुमच्याकडं नाशिकला ऱ्हायला आल्तो, आठवतंय?"

आठवतंय म्हणजे! सिद्धू आमच्या शाळेत होता, आमच्याबरोबर जेवायचा, बाबांच्या कुशीत झोपायचा. मला तो माझा सगळ्यात मजेचा काळ वाटायचा. तो का आला होता, हे कुणी मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

"माय बोलायची बंद झाली होती," सिद्धू म्हणाला. "नुस्ती भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हायची. आमच्या घरात त्याच्यावर कव्हाच कुणी बोललं न्हाई. आता मी डॉक्टरला सांगू, तर ते ऑपरेशन रद्द करतील. आन् मायची बदनामी ती वेगळीच. तू बी तिला विचारू नकोस, ताई. तुला शपथ हाय."

ऑपरेशन रद्द करत नाहीत, फक्त आधीपासून तयारी ठेवतात, असं मी सांगितलं. त्यानं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

पोखर्णी

आत्या पोखर्णीला राहते. नृसिंहाच्या देवळाकडे जाणाऱ्या भाविकांची वर्दळ गावात असतेच, आत्याचं घर त्यापासून बाजूला, विहाराच्या मागच्या आळीत. अंगणात शेंगा वाळत घातलेल्या. रेखाही बरोबर आली होती. आत्या खाटेवर बसून मिसरी लावत होती. मला बघितलं, आणि बोट दातांवर तसंच.

"ही कोन? करुणा व्हय? अगं माय! आर्धी कुठं ठिवून आलीस?"

"नाशिकलाच राहिली, आत्या."

"चांगलं झालं. ती लय खायची." आणि आत्या स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की ठसका लागला.

मी नळी काढून काम सांगितलं. आत्यानं नळी उन्हात धरून बघितली.

"ह्याच्यात थुकायचं?"

"हो."

"आन् ते तू नाशिकला नेणार?"

"हो."

"लोक आत्याकडून लाडू नेतेत गं."

आता खरी पंचाईत पुढेच होती. लाळ देण्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, मिसरी तर नाहीच. मी, जिला पाव भाकरी जास्त होते, मराठवाड्यातल्या एका भरल्या घरात बसून दुसऱ्याला खाऊ नको म्हणत होते. आत्यानं चूळ भरली, ऐटीत मांडी घातली. तेवढ्यात शेजारीण चहा घेऊन आली. रेखानं तो वरच्या वर काढून घेतला. आत्या म्हणाली, "बरं", आणि बोलता बोलता अंगणातली एक शेंग फोडून दाणे तोंडात.

"माय!" सिद्धू ओरडला.

"काय? शेंग हाय, खाणं थोडंच हाय?"

पुन्हा चूळ, पुन्हा पहिल्यापासून वाट. या वेळी शेंगांची चादरच उचलून आत नेली. मग दुसरी शेजारीण गरम धपाटे घेऊन आली आणि माझं अंग बघून हळहळत मलाच भरवायला लागली. आत्यावर पहारा द्यायला रेखा खाटेशी बसली. अखेर वेळ भरली, तर आत्याचं तोंड कोरडं! थुंकीच येईना. सिद्धू म्हणाला, "माय, चिंचेचा विचार कर." रेखा म्हणाली, "कैरी. मीठ लावलेली." मी म्हटलं, "कच्चे आवळे." शेजारीण म्हणाली, "कवठाची चटणी, गूळ न घालता." आम्हा सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि आत्या मात्र हसण्यापायी एक थेंबही नळीत पाडू शकेना. डोळ्यातून पाणी, तोंडातून नाही.

कशीबशी नळी रेघेपर्यंत भरत आली तेव्हा शेजारणी पांगल्या होत्या. आत्या नळी हातात धरून म्हणाली, "पन हे कशापायी, ते तर सांग."

मी जाडीचं सांगितलं, जे नळीतून कळणार होतं. सिद्धू माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. त्याची शपथ मला मोडायची नव्हती. मी फक्त स्वतःचं सांगितलं. "आत्या, ऑपरेशननंतर मी बारीक झाले, सगळं चांगलं झालं. आणि तेव्हाच मला काहीच बरं वाटेनासं झालं. उठवत नव्हतं. रडायचे नुसती."

आत्याचं हसू हळूच विरलं. तिनं माझ्या हनुवटीला हात लावला.

"तुला बी झालं का ते?"

मग ती आपणहून सांगायला लागली. "हा तिसरीत होता. त्या साली कापूस लय चांगला झाल्ता. घरावर नवे पत्रे टाकले. ह्याच्या बापानं हौसेनं लुगडं आनलं. आन् मला उठूच वाटंना. चूल पेटवायची म्हणलं की रडू. बाकीचं सोड, करुणा. पोरगं समोर उभं हाय, माय म्हणायलंय, आन् मला कायबी वाटंना. ते लय वाईट. लोक म्हणले, हिला सुख टोचायलंय."

"मलाही तेच म्हणाले," मी म्हटलं.

"मंग तुझा बाप आला. म्हणला, सुमन, पोराला मी नेतो, तू निवांत बरी हो. लय दिवसांनी गेलं ते. आपलं आपुन गेलं." मग तिनं विचारलं, "त्याला नाव हाय का गं?"

"आहे. आजार आहे तो, आत्या. औषध आहे त्याला. बोलायला माणसं असतात."

"आजार हाय!" आत्यानं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आन् मला वाटायचं, मीच तशी हाय."

सिद्धू खाली बसला, तिच्या पायाशी. एवढा मोठा माणूस, पण बसला तसा तिसरीतलाच वाटला. "माय, मला वाटायचं मी लय तरास द्यायचो, म्हणून मला मामाकडं पाठिवलं."

"येड्या," आत्या म्हणाली, आणि त्याचं डोकं मांडीवर ओढलं. तो रडायला लागला, रेखा रडायला लागली, माझाही धीर सुटला. आत्यानं नळी उंच धरली. "आरं, बाजूला रड! ह्याच्यात तुझं पाणी पडलं तर डॉक्टरला कळायचं न्हाई कुणाचं काय हाय ते!"

त्यानंतर आम्ही जे हसलो, ते मला वर्णन करता येणार नाही. शेजारणी पुन्हा गोळा झाल्या. मी घाईनं नळीचं झाकण लावलं.

दुपारी सिद्धूनं अंगणातूनच त्याच्या परभणीच्या दवाखान्याला फोन लावला. आवाज मोठा करून आम्हाला ऐकवला. पलीकडची बाई म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. तारीख काही बदलत नाही. आधी एकदा समुपदेशकांना भेटून घ्या, घरच्यांनाही आणा." सिद्धूनं फोन ठेवला. आत्या म्हणाली, "घरच्यांना म्हंजी मला. मी येते."

हे लिहितेय तोवर सिद्धूची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे. तो वाटीभर पातळ वरण चमच्यानं खातो आणि फोनवर त्याची कौतुकं सांगतो. रेखाला रात्री झोप लागते. मध्ये काही दिवस तो गप्प झाला होता, तेव्हा आत्यानंच आधी ओळखलं आणि त्याला समुपदेशकाकडे नेलं. नळीचं उत्तर यायचंय. पण मला सांगायची आहे ती पोखर्णीहून निघालेली जीप.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नवं पातळ नेसून, पिशवी घेऊन आमच्याबरोबर निघाली. परभणीपर्यंत वडाप जीप, नेहमीसारखी गच्च भरलेली. आत्या ड्रायव्हरशेजारी पुढे. मागे आम्ही, दोन शेतकरी, एक गुरुजी, भाजीची टोपली, आणि कोपऱ्यात पदर डोक्यावर घेतलेली एक सून, तिच्या मांडीवर लहान मूल. सिद्धू चढला तेव्हा जीप एका बाजूला कलली आणि सगळे खळखळून हसले, सिद्धूसकट.

"कुठं निघाली स्वारी, मावशी?" ड्रायव्हरनं विचारलं.

मला वाटलं आत्या म्हणेल, लेकाकडं. ती मागे वळली, आणि अख्ख्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॉक्टरकडं. ह्याच्या ऑपरेशनची बोलणी हायत. आन् माझं बी सांगायचंय. मला मागं मनाचा आजार झाल्ता. उठू वाटत न्हवतं, लेकरू जवळ घेऊ वाटत न्हवतं. लोक म्हणले सुख टोचायलंय. आजार असतो तो. इलाज हाय त्याला. ह्या माझ्या भाचीला बी झाल्ता, बगा, कशी हासायलीय!"

मी खरंच हसत होते, लाजेनं आणि कसल्या तरी भलत्याच आनंदानं. सिद्धूनं तोंड झाकून घेतलं, पण बोटांच्या फटीतून त्याचे दात दिसत होते. गुरुजींनी खिडकीबाहेर बघितलं. एक शेतकरी म्हणाला, "असतंय, असतंय." जीप खड्ड्यातून उसळली, सगळे एकमेकांवर आदळले, आणि बोलणं दुसरीकडे, तुरीच्या भावाकडे वळलं.

थोड्या वेळानं माझ्या बाहीला कुणीतरी हळूच ओढलं. कोपऱ्यातली ती सून होती. मूल झोपलं होतं. ती माझ्या कानाशी वाकली.

"ताई," ती म्हणाली, "त्या आत्याबाई कुठला दवाखाना म्हणल्या?"